शेपटीमास्तर आणि दुसरी गाळणी

शेपटी मोजण्यात एखाद्याची हयात जाऊ शकते, हे मला कुणी लहानपणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण आमच्या लॅबमध्ये असा माणूस होता. तेवीस वर्षं, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी पाच, त्याने शेपट्या मोजल्या. घरी जाऊन बायकोला सांगायचा, "आज शेपट्या फार लांब होत्या गं." वहिनी म्हणायच्या, "मग कापून टाकायच्या की!" पहिली दोन वर्षं त्यांचा समज होता की नवरा गुरांच्या दवाखान्यात कामाला आहे.

आम्ही त्याला शेपटीमास्तर म्हणायचो. मी त्याच लॅबमध्ये काचा धुवायला होतो. माझं शिक्षण गावच्या शाळेत, सातवीपर्यंत. आमचे गुरुजी म्हणायचे, "तुझी जीभ चालते त्याच्या निम्मं डोकं चाललं असतं तर कलेक्टर झाला असतास." डोकं चाललं नाही, जीभ चालतच राहिली. मास्तरची गोष्ट मी नातवंडांना शंभर वेळा तरी सांगितली असेल, पण दरवेळी अर्धीच. मधल्या एका ठिकाणी आलो की मला खोकला येतो, पाणी प्यावं लागतं, आणि मग मी दुसरीच गोष्ट सुरू करतो. आज लिहितोय. लिहिताना खोकल्याचा उपयोग नाही.

मास्तर आधी कापडगिरणीत होता. एका इंचात उभे धागे किती, आडवे किती, हे भिंगातून मोजायचं काम. गिरणीला टाळं लागलं आणि हा आमच्याकडे आला. मुलाखतीत मॅडमनी, म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुखांनी, एकच प्रश्न विचारला, "एका जागी किती वेळ बसू शकता?"

"ऊठ म्हणेपर्यंत," हा म्हणाला.

झाली नेमणूक. त्याला एक अंधारी खोली दिली, दाराला काळा पडदा, आत सूक्ष्मदर्शक, एक स्टूल आणि हातात पाच बटणांचं मोजणीयंत्र. टिक, टिक, टिकटिक. बाहेरून ऐकलं की वाटायचं, आत कुणीतरी शेंगा सोलतंय.

शेपट्या कशाच्या, ते सांगतो. पेशीच्या गाभ्यात एक धागा गुंडाळलेला असतो, डीएनए. किरणोत्सर्गाने तो तुटतो. मग त्या पेशी काचपट्टीवर एका पातळ थरात बसवायच्या, त्यातून वीज सोडायची. धागा धड असला तर गाभा गोल चेंडूसारखा राहतो. तुटला असला तर तुकडे विजेच्या ओढीने बाहेर ओढले जातात आणि गोळ्याला मागे शेपूट येतं, धूमकेतूला असतं तसं. रंग घालून पाहिलं की अंधारात ते चमकतं. जेवढी तूटफूट जास्त, तेवढं शेपूट लांब. मास्तर एकेका पेशीला शून्य ते चार असे गुण द्यायचा. शेपूट नाही तर शून्य, सगळं शेपूटच तर चार. एका काचपट्टीवर शंभर पेशी. शंभरांची बेरीज म्हणजे त्या पट्टीचा आकडा. आम्हा सगळ्यांचं विज्ञान शेवटी मास्तरच्या त्या टिकटिकीवर उभं होतं.

मी एकदा विचारलं, "दोन का तीन, असा घोळ पडत नाही का रे?"

"पडतो. दिवसात पन्नास वेळा पडतो."

"मग काय करतोस?"

"मग काय? डोळा सांगेल ते."

हे वाक्य लक्षात ठेवा.

आता त्या पोरीची गोष्ट. ती पीएचडी करायला आमच्याकडे आली तेव्हा चोवीसची असेल. किडकिडीत, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा, आणि बोलताना हात इतके हलवायची की मी काचेची भांडी उचलून बाजूला ठेवायचो. मला काका म्हणायची, त्याला मास्तर. तिचा विषय डाळिंबाची साल. मला तिने एकदा हौदापाशी उभं करून समजावलं होतं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. किरण काही नेमके त्या धाग्यावरच जाऊन आदळतात असं नाही. पेशीत बहुतेक पाणीच असतं. किरण पाण्याला फोडतात आणि त्यातून काही कण सुटतात, अर्धवट आणि हपापलेले. समोर येईल त्याला ओरबाडायचं एवढंच त्यांना कळतं. धागा सापडला तर धागा. पण फळांच्या सालीत, बियांत, पानांत असे काही पदार्थ असतात की ते मधे पडतात आणि म्हणतात, घे बाबा, माझं घे, पण आत जाऊ नकोस. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणायचं. साल आधी पेशींना दिली आणि मग किरण सोडले, तर शेपट्या आखूड होतात का, आणि किती, एवढाच तिचा प्रश्न होता.

"लोक दाणे खातात काका," ती म्हणायची, "आणि पहारेकऱ्याला कचऱ्यात टाकतात."

पेशी आमच्याच. म्हणजे लॅबमधल्या माणसांच्या रक्तातल्या. पहिल्या वेळी मी मोठ्या रुबाबात बाही वर केली आणि सुई टोचण्याआधीच आडवा झालो. शुद्धीवर आलो तर मास्तर वर वाकून म्हणतोय, "उठा वीर पुरुषा, फक्त स्पिरिट लावलंय."

माझ्याकडे आणखी एक काम होतं, आणि सगळी गोष्ट तिथेच अडकलेली आहे. साली सावलीत वाळवायच्या, दळायच्या, भिजत घालायच्या आणि अर्क गाळायचा. पहिली गाळणी फडक्यातून आणि कागदातून. ती पटकन व्हायची. दुसरी गाळणी एका पांढऱ्या चकतीतून. तिची भोकं इतकी बारीक की जंतूसुद्धा पलीकडे जाऊ नये. त्यातून अर्क थेंब थेंब पडायचा. अडीच तास. आणि शेजारून हलायचं नाही, कारण वरचं संपून चकती वाळली की पुन्हा पहिल्यापासून.

अडीच तास, एकट्याने, गप्प! मला.

एके दिवशी मी चकतीवर अर्क ओतला आणि पाच मिनिटांसाठी गेटवर गेलो. आमचा गेटवाला भला माणूस, कान देऊन ऐकायचा. त्याला मी माझ्या आजोबांनी चोराला कंदील धरून गावाबाहेरचा रस्ता दाखवला ती गोष्ट सांगायला घेतली. ती गोष्ट लांब आहे. आधी चोराची सांगावी लागते, मग कंदिलाची. परत आलो तर चकती खडखडीत वाळलेली. दोन वाजता पोरीला अर्क हवा होता, किरणांच्या यंत्राची तिची वेळ ठरलेली, ती चुकली की पुढची दहा दिवसांनी. मी काय केलं? एकदाच गाळलेला अर्क बाटलीत भरला, बूच लावलं आणि वर लिहिलं, "गाळलेला." खोटं तर नव्हतं.

काही झालं नाही. कुणी काही बोललं नाही. पुढच्या खेपेला मी चकती काढलीच नाही. त्याच्या पुढच्याही. न केलेलं काम पुन्हा न करायला फारसे कष्ट पडत नाहीत. दीड वर्ष मी गेटवर बसून गोष्टी सांगितल्या. गेटवाला हसून हसून पोट धरायचा. ते हसू आठवलं की आजही मला मान खाली घालावीशी वाटते.

इकडे मोजणीचा नियम काय होता, तेही सांगायला हवं. मोजणाऱ्याला कधीच कळता कामा नये की पुढ्यातली पट्टी सालीची आहे की बिनसालीची. पोरगी सगळ्या पट्ट्यांच्या नावांवर कागद चिकटवायची, चिठ्ठ्या टाकून आकडे द्यायची, आणि कुठला आकडा कशाचा ही यादी मॅडमच्या खणात बंद. मोजणी पूर्ण झाली की खण उघडायचा. मास्तरला तो खण म्हणजे देवघर. त्याच्या बाजूने जातानासुद्धा तोंड फिरवायचा.

निकाल लागले, आणि काय लागले! नुसत्या किरणांच्या पट्ट्यांचा आकडा सरासरी दोनशे चाळीस. साल दिलेल्यांचा दीडशे. नव्वदाचा फरक! मॅडम सहसा हसत नसत. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून पुसला, आमच्याकडे ते हसण्यातच धरायचे. पोरीने केक आणला. शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या सभेत तिने तो आकडा वाचून दाखवला. आम्ही दोघे मागे भिंतीला टेकून उभे. मास्तरने टाळ्या वाजवल्या त्या सगळ्यांच्या थांबल्यावरही चार जास्त. येताना तिने त्याच्यासाठी स्टुलावर घालायला मऊ उशी आणली. "मास्तर, तुमच्या पाठीवर माझी डिग्री उभी आहे," म्हणाली. मास्तर उशीवर बसेना. आठवडाभर शेजारी ठेवून मोजत होता. मला वाटलं, संकोच.

मग दुसऱ्या एका लॅबचं पत्र आलं. त्यांनी तिच्याच पद्धतीने साल तपासली होती. शेपट्या आखूड होतात, हे त्यांनाही दिसलं. पण फरक तीस-पस्तीसचा. नव्वद कुठून आले, असं त्यांनी विचारलं होतं. सभ्य भाषेत, म्हणून जास्त झोंबणारं.

पोरीने कुणावर बोट दाखवलं नाही. स्वतःवरच घेतलं. माझीच मात्रा चुकली असेल, मीच नळ्या यंत्रात वाकड्या ठेवल्या असतील. वह्या पुन्हा पुन्हा तपासायची. आमच्याबरोबर डबा खायला यायची ती बंद झाली. एकदा मॅडमचं दार उघडं होतं, आवाज बाहेर आला.

"तीन वर्षांत तुझ्या हाताला शिस्त आली नाही, असं मी लिहून देऊ का?"

"नाही मॅडम."

"मग शोध. दीड महिना आहे. नाहीतर हे प्रकरण प्रबंधातून काढून टाक."

ते प्रकरण काढलं तर प्रबंधात उरत काय होतं? साली वाळवायची कृती.

ती बाहेर आली, माझ्यासमोरून गेली, चष्मा हातात. मी काचा धूत होतो. एकच चंचुपात्र मी त्या दिवशी बहुधा सहा वेळा धुतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर माझ्या धुण्याच्या खोलीत आला. दार लोटून घेतलं. हातात जुन्या दहा काचपट्ट्यांची पेटी आणि तिची वही. यादी आता उघडीच होती, निकाल कधीच लागून गेला होता.

"एक काम कर," म्हणाला. "या पट्ट्या नव्याने रंगवल्यात. माझ्याकडे पाठ करून पत्त्यांसारख्या पिस आणि एकेक मला यंत्राखाली लावून दे. नाव झाकून. मी सांगतो साल की बिनसाल. तू वहीशी ताडून बघ."

"तुला कसं कळेल? शेपट्यांवरून?"

"शेपट्या बघतच नाही मी. चल तू."

अंधाऱ्या खोलीत गेलो. एकेक पट्टी लावली. तो डोळा लावायचा, दोन श्वास घ्यायचा आणि सांगायचा. साल. बिनसाल. बिनसाल. साल. मी बारीक टॉर्चने वही बघत होतो. दहापैकी दहा.

"जादू आहे का काय?" मी म्हटलं. माझी जीभ अशा वेळीही चालते.

"ये, बघ."

मी डोळा लावला. काळ्या आभाळात शेपट्यांचे गोळे, आणि त्यांच्या मधे मधे बारीक ठिपके चमकत होते. कुणी रांगोळी चिमटीतून सोडावी तसे. दुसरी पट्टी लावली तर आभाळ स्वच्छ.

"चांदण्या," मास्तर म्हणाला. "सालीचा बारीक चुरा आहे. थरात अडकून राहतो. चांदण्या दिसल्या की साल. मला दीड वर्ष कळतंय."

"मग?"

"मग काय मग! दोन का तीन असा घोळ पडला की चांदण्यांच्या पट्टीला दोन. बिनचांदण्यांच्या पट्टीला तीन. ठरवून नाही रे. डोळाच तसा वळायचा. पट्टीवर मोजायला सुरुवात कुठून करायची, तेही. चांदण्या दिसल्या की हात आपोआप चांगल्या कोपऱ्याकडे जायचा. पोरगी सकाळी येऊन विचारायची, मास्तर, आज कशा आहेत शेपट्या? मला तिला आखूड म्हणायचं असायचं." त्याने मोजणीयंत्र उचलून खाली ठेवलं. "गिरणीत मालकाने डोळे वटारले तरी मी एक धागा कधी जास्त सांगितला नाही. आणि इथे एका उशीसाठी."

"उशी नंतर आली."

"तेच तर. उशीचीसुद्धा गरज लागली नाही."

तो अंधारात होता म्हणून मला त्याचा चेहरा दिसला नाही. माझा त्याला दिसला नाही, हे माझं नशीब. कारण चुरा कुठून आला, हे त्या इमारतीत फक्त मला ठाऊक होतं. दुसरी गाळणी झाली असती तर एक चांदणी त्या आभाळात आली नसती. सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा घेणार का?"

मास्तर त्याच दिवशी तिला सांगायला गेला. मला म्हणाला, "तू ये बरोबर. एकट्याने माझे पाय तिथवर जाणार नाहीत." मी गेलो. मॅडमही तिच्याच टेबलापाशी होत्या. मास्तर उभा राहून, शाळेत कविता म्हणावी तसा, सगळं सांगून मोकळा झाला. कुठे डोळा वळला, कुठे हात वळला, दहापैकी दहा. शेवटी म्हणाला, "तुझा हात चुकला नाही पोरी. माझा डोळा चुकला. माझं नाव कुठेही घालू नकोस. आणि ही तुझी उशी."

पोरगी उशीकडे बघत राहिली. रडली नाही. मला वाटतं, रडली असती तर बरं वाटलं असतं.

मॅडम म्हणाल्या, "दीड वर्ष?"

"हो मॅडम."

"सतरा वर्षांपैकी दीडच, की आणखी?"

हा प्रश्न मास्तरला कानफटात बसल्यासारखा लागला. कसं सांगणार? त्याआधी चांदण्या नव्हत्या. पण आता कोण कशावर विश्वास ठेवणार?

मग पोरीने हळूच विचारलं, "पण चुरा येईलच कसा? अर्क दोनदा गाळलेला असतो." आणि तिने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही हो. आधारासाठी. "काका, गाळलेला असतो ना?"

इथे मला खोकला येतो, तो इथे.

"हो," मी म्हणालो. "गाळलेला असतो."

झालं. तिने लगेच विश्वास ठेवला. म्हणजे चकत्याच सदोष असणार, असं ती म्हणाली. जुन्या पेट्या काढल्या, चकत्या एकेक करून तपासायला घेतल्या. भोकं मोजतात तशी काहीतरी कृती होती, रोज संध्याकाळपर्यंत चालायची. न वापरलेल्या चकत्या! पेट्यांवरचं सीलसुद्धा मी फोडलेलं नव्हतं. त्या इतक्या कशा शिल्लक राहिल्या, हे तिच्या डोक्यात आलं नाही, कारण काका दोनदा गाळतात हे तिने एकदा धरून ठेवलं होतं. दीड महिन्यातले अकरा दिवस असे गेले. मी अकरा दिवस काचा धुतल्या. गेटवर गेलो नाही. गेटवाला आत येऊन विचारून गेला, "बरं नाही का? चोराचं पुढे काय झालं?"

अकराव्या दिवशी रविवार होता. सकाळी मी मास्तरच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, खिडकीत तुळतुळीत पुसलेलं गिरणीचं भिंग. तो खाटेवर वर्तमानपत्र घेऊन बसला होता, पान उलटत नव्हता. वहिनींनी दारातच मला सांगितलं, "जेवत नाहीत नीट. शेपट्यांचं काहीतरी बिनसलंय. तुम्ही तरी विचारा भावजी." आणि आत गेल्या.

मी बसलो. माझ्यासारख्या माणसाला बोलायला शब्द सापडेनात, असं त्या एका सकाळी झालं असेल.

"मास्तर, मी दुसरी गाळणी करत नव्हतो."

तो वर्तमानपत्रातून वर बघेना.

"दीड वर्ष. गेटवर गप्पा मारत बसायचो. चुरा माझ्यामुळे आला. त्या दिवशी तिने विचारलं तेव्हाही मी खोटं बोललो. तुझी बेअब्रू झाली ती निम्मी माझी आहे."

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"तू गाळत नाहीस ते. पहिली चांदणी दिसली त्याच दिवशी ठाऊक होतं. तुझ्या धुण्याच्या खोलीत डोकावलं की खिडकीतून गेट दिसतं, बाबा."

"मग बोलला का नाहीस? तिथे मॅडमपुढे तरी? मला वाचवायला गप्प राहिलास का?"

आता त्याने पेपर खाली ठेवला. त्याचं तोंड असं झालं होतं की मला उठून जावंसं वाटलं.

"तुला वाचवायला? छे रे. तू नीट गाळायला लागला असतास, तर मला चांदण्या कशा दिसल्या असत्या?"

आतून वहिनींच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"मी तिला डोळा वळला म्हणालो," तो पुढे म्हणाला. "वळला म्हटलं की कसं, आपोआप झाल्यासारखं वाटतं. पण मी एक शब्द तुला बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी चांदण्या बंद. तो शब्द मी दीड वर्ष गिळला. हे मी तिला सांगितलेलं नाही. तुझ्या पोटात एक आहे, माझ्या पोटात एक आहे. उद्या साडेनऊला ये."

"आणि नाही आलो तर?"

"तर मी माझ्यापुरतं सांगेन. तुझं तुझ्यापाशी."

हे ऐकून मला जेवढी लाज वाटली, तेवढी त्याने शिव्या दिल्या असत्या तरी वाटली नसती.

सोमवारी साडेनऊला आम्ही दोघे तिच्या दारात. ती चकत्यांवर वाकलेली. या वेळी मी आधी बोललो, नाहीतर पुन्हा चहा विचारला असता. मी म्हणालो, "त्या चकत्या तपासू नकोस पोरी. त्या कोऱ्या आहेत. मी वापरल्याच नाहीत." मग मास्तर त्याचं बोलला. सगळं. गिळलेल्या शब्दासकट.

तिने हातातला चिमटा खाली ठेवला. चष्मा वर केला. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडायला हवं होतं.

"अकरा दिवस, काका?" एवढंच म्हणाली.

"हो."

"मी रोज तुमच्यासमोर बसून भोकं मोजत होते."

"हो."

"आणि तुम्ही मला विचारलंत, डोळे दुखत नाहीत का." ती खिडकीकडे वळली. पाठमोरीच म्हणाली, "साली भिजत घाला. दोनदा गाळा. मी शेजारी बसणार आहे. गोष्ट सांगायची नाही."

मी अडीच तास चकतीशेजारी बसलो. ती समोर, हाताची घडी घालून. थेंब, थेंब, थेंब. माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब अडीच तास, आणि मी एक अक्षर बोललो नाही. अर्क खाली उतरला तो काचेसारखा नितळ. मला तो बघवेना.

मॅडमना तिने स्वतः सांगितलं. त्यांनी मास्तरला काढलं नाही, पण पुढची सगळी मोजणी दोघांनी करायची असं ठरवलं: मास्तर आणि शेजारच्या विभागातली एक बाई, दोघांचे आकडे वेगवेगळ्या पाकिटांत. सतरा वर्षं एकट्याने मोजणाऱ्या माणसाच्या डोळ्यावर दुसरा डोळा बसवला. मास्तर म्हणाला, "बरोबर आहे." आणि नव्या अर्काच्या पट्ट्या घेऊन पडद्याआड गेला. आभाळ स्वच्छ होतं. पहिल्या दिवशी बाहेर आला तेव्हा शर्ट घामाने भिजलेला. "दोन का तीन, कळतच नाही रे," मला म्हणाला. "आता डोळा काहीच सांगत नाही. प्रत्येक पेशीशी नव्याने भांडावं लागतं."

खण उघडला. साल दिलेल्यांचा आकडा दीडशेवरून एकशे शहाण्णव झाला. आणि नुसत्या किरणांचा दोनशे चाळीसवरून खाली, दोनशे अठ्ठावीस. हा दुसरा आकडा बघून मास्तर खुर्चीत बसला. "म्हणजे त्यांच्यावर मी कडक होतो," म्हणाला. "बिचाऱ्यांना उगाच जास्त तोडलं." दोन्ही पाकिटांतले आकडे जवळजवळ जुळले होते. फरक बत्तीसचा. त्या दुसऱ्या लॅबला मिळाला तेवढाच.

साल राखण करते. नव्वदाची नाही, बत्तीसची. पोरगी म्हणाली, "बत्तीसही पुरेत. खरे आहेत ना?" पण ते बोलताना तिने आमच्याकडे पाहिलं नाही. तिला डिग्री मिळाली. सभेत वाचलेला आकडा तिला लेखी मागे घ्यावा लागला, आणि तिच्या वयाच्या माणसाला असं पत्र लिहायला लावलं ते आम्ही दोघांनी. केक आला नाही.

मास्तर त्यानंतर सहा वर्षं नोकरीत होता. उशी तिने परत त्याच्या स्टुलावर ठेवली होती. तो ती रोज उचलून बाजूला ठेवायचा आणि संध्याकाळी जाताना पुन्हा जागेवर. निवृत्त झाल्यावर एकदा त्याच्याकडे गेलो होतो. त्याची नात आणि तिची मैत्रीण दोघी चित्रं घेऊन आल्या, कुणाचं चांगलं सांगा म्हणून. हा म्हणाला, "नावं झाका. आणि बाहेर जाऊन उभ्या राहा. तुमची तोंडं दिसता कामा नयेत मला." पोरी हसत सुटल्या. तो हसला नाही. गेल्या वर्षी तो गेला.

तिच्या प्रबंधाची एक प्रत तिने मला दिली होती. इंग्रजी मला येत नाही. माझ्या नातीने परवा एक पान वाचून त्याचा अर्थ सांगितला: पहिल्या मोजणीत पट्ट्या ओळखू येत होत्या, हे मोजणाऱ्याने आणि अर्क गाळणाऱ्याने स्वतः होऊन सांगितलं, म्हणून ती सगळी मोजणी बाद केली आहे.

"आजोबा, अर्क गाळणारे म्हणजे तुम्ही?" नातीचे डोळे मोठे झाले. "स्वतः होऊन सांगितलंत? भारीच!"

खोकला आला. पाणी प्यायलो. मास्तरला ते 'स्वतः होऊन' शोभतं. माझ्यासाठी ते त्या पोरीने दिलेलं दान आहे, आणि मी ते नातीसमोर घेऊन बसलो होतो. त्या पानावर अकरा दिवस कुठे लिहिलेले नाहीत.

नातीला बसवून मी ते अकराही दिवस सांगितले. मग इथे लिहिले.